जुन्या गाडीचे ऑइल गळते : दुरुस्ती करावी की तशीच चालवावी?

सकाळी गाडी काढली की फरशीवर काळा डाग दिसतो. पहिल्या दिवशी आपण त्यावर पायाने माती ओढतो. आठवड्याने डाग मोठा होतो, महिन्याने शेजारी बोलू लागतात आणि मग एका सुट्टीच्या दिवशी गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री खाली वाकून बॅटरी मारतो आणि सांगतो, "भाई, सगळीकडून गळतंय. इंजिन उतरवावं लागेल." खर्च विचारला तर उत्तर ठरलेले : "खोलल्यावर कळेल."

इथून माणसाची पंचाईत सुरू होते. गाडी दहा-बारा वर्षांची असते, बाजारात तिला फारशी किंमत येत नाही, पण दुकानाचा माल, बेकरीचे पाव, शाळेची मुले किंवा लग्नाचे मंडप तिच्यावरच चालतात. चार दिवस गाडी बंद ठेवायची म्हणजे चार दिवसांचा धंदा बंद. म्हणून काही जण घाबरून सांगेल ते काम करून घेतात, तर काही जण डिकीत ऑइलचा डबा ठेवून वर्षानुवर्षे वरून ओतत राहतात. या दोन्ही मार्गांनी पैसे बुडालेले आम्ही पाहिले आहेत. गळती दुरुस्त करायची की नाही हा व्यापारी हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो. मात्र त्यासाठी गाडीच्या पोटात काय चालले आहे याची थोडी माहिती हवी.

ऑइल बाहेर का येते?

इंजिन अनेक धातूच्या भागांचे जोडकाम आहे. दोन भाग जिथे मिळतात तिथे मध्ये पॅकिंग म्हणजे गॅस्केट असते आणि फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे रबरी ओठाचे ऑइल सील असते. कॉर्कचे पॅकिंग उष्णतेने वाळून आकसते, रबरी सील कडक होऊन त्याचा ओठ दांड्याला नीट टेकत नाही. हे वयाने होते, त्यात कोणाचा दोष नाही. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची सीले तर चालत्या गाडीपेक्षा लवकर सुकतात.

दुसरे एक कारण आहे आणि त्याकडे फार थोडे मिस्त्री प्रथम पाहतात. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत एक लहानसा वॉल्व असतो. ही वाट गाळाने बंद झाली की वायूचा दाब आत साठतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून ऑइल ढकलतो. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. अशा गाडीला नवी सीले बसवली तरी काही आठवड्यांत ती पुन्हा गळू लागतात. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी ब्रीदरची नळी काढून साफ करून पाहावी. या कामाला अर्धा तास आणि थोडे पेट्रोल लागते. नळी साफ असूनही ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल, तर रिंगा झिजलेल्या आहेत. तिथे सील बदलण्यात पैसे घालू नयेत, कारण दुखणे दुसरीकडे आहे.

ऑइल कमी होते म्हणजे ते गळतेच असेही नाही. काडीवर पातळी उतरते पण जमिनीवर डाग नाही, अशी गाडी ऑइल जाळते. सकाळी चालू करताना निळसर धुराचा लोट आला तर वॉल्वची सीले गेली आहेत. चढावर जोर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे बोट जाते.

थेंबांचे गणित

डाग पाहून माणूस घाबरतो, कारण ऑइल पसरते आणि थोडे असले तरी पुष्कळ दिसते. ढोबळमानाने वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर तासाला साठ थेंब, म्हणजे तीन मिलिलिटर. गाडी दिवसाला सहा तास चालली तर अठरा मिलिलिटर, पंचवीस दिवसांत साडेचारशे मिलिलिटर. महिन्याला अर्ध्या लिटरच्या आतच. उलट, फरशीवर डागच नाही पण चालत्या गाडीतून वाऱ्याने ऑइल उडून मागचा दरवाजा चिकट होत असेल, तर ती गळती कितीतरी मोठी असू शकते. तेव्हा डागावरून नव्हे, काडीवरून मोजावे.

मोजण्याची रीत अशी. सपाट जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. काडी पुसून पुन्हा घालावी आणि पातळी वरच्या खुणेपर्यंत भरून घ्यावी. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहावेत आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा पाहावे. बहुतेक लहान गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरभराचे अंतर असते, त्यावरून किती गेले ते कळते. आणखी एक गोष्ट : वरच्या खुणेच्या वर भरू नये. जास्त ऑइलला क्रँक फेटाळतो, फेस होतो आणि तेच सीलमधून बाहेर येते. काही गाड्या केवळ मालकाच्या सढळ हातामुळे गळत असतात.

आमची फसगत

इथे घरचाच अनुभव सांगतो. २००९ साली आमच्याकडे दहा वर्षांची मारुती ८०० होती. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल टपकत असे. एका गॅरेजवाल्याने क्रँकचे मागचे सील गेल्याचे सांगितले. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा आता खोललेच आहे तर क्लच प्लेटही घाला, असा सल्ला मिळाला. एकूण पावणेपाच हजार रुपये गेले. त्या वेळी ती रक्कम लहान नव्हती. तीन आठवड्यांनी डाग पुन्हा त्याच जागी!

मग एका वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी खालून पाहिलेच नाही. बॉनेट उघडून इंजिनच्या वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवर बोट फिरवले आणि ओले बोट आम्हाला दाखवले. ऑइल वरून झिरपत, इंजिनच्या पाठीवरून उतरून खाली टपकत होते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलायला मजुरीसह दीडशे रुपये लागले आणि गळती बंद झाली. पहिल्या गॅरेजवाल्याने जाणूनबुजून फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्याने जिथे थेंब पडला तिथेच छिद्र आहे असे धरले, एवढेच. पण ऑइल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जी जागा ओली असेल तिथे उगम शोधायचा असतो.

यासाठी इंजिन आधी स्वच्छ हवे. ब्रश आणि डिझेल घेऊन थंड इंजिन घासून घ्यावे, कोरडे पुसावे, मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बॅटरीच्या उजेडात पाहावे. धुताना अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लॅस्टिक बांधावे, आणि पेट्रोलने इंजिन धुण्याचा प्रकार तर करूच नये. जागा नक्की सापडत नसेल तर संशयाच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी. ऑइल जिथून फुटते तिथे पावडरीवर ओली रेघ उठते. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर आखून घेतल्या, तर थेंब कोणत्या भागाखाली पडतात हेही कळते. ही तयारी करून गॅरेजमध्ये गेलेल्या ग्राहकाशी मिस्त्री वेगळ्या भाषेत बोलतो, हा आमचा अनुभव आहे.

पुठ्ठ्यावर पडलेला द्रव कोणता हेही ओळखावे. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे. गिअर ऑइल अधिक घट्ट, त्याला गंधकासारखा उग्र वास. रेडिएटरचे कुलंट हिरवे किंवा लाल, हाताला पाण्यासारखे आणि गोडसर वासाचे. एसीचे स्वच्छ पाणी असेल तर काळजी नाही. मात्र चाकाच्या आतल्या बाजूने किंवा ब्रेक पेडलच्या मागे पातळ, पिवळट द्रव आढळला तर ते ब्रेक ऑइल असू शकते. अशी गाडी जागची हलवू नये, मिस्त्रीला घरी बोलवावे.

कुठे थांबायचे नाही

काही गळतींत हिशेब मांडत बसण्याची गरज नाही, दुरुस्ती करावीच लागते. टॅपेट कव्हरमधून ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असेल तर जळका वास येतो, धूर निघतो, आणि भडका उडण्याचा धोका खरा आहे. पुढच्या क्रँक सीलचे किंवा कॅम सीलचे ऑइल टायमिंग बेल्टवर जात असेल तर बेल्टचे रबर फुगून सैल होते. बेल्ट तुटला की गाडी जागेवर उभी राहते आणि काही इंजिनांत वॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात, मग हेडचे काम निघते. मागच्या सीलचे ऑइल क्लच प्लेटवर पोहोचले तर क्लच घसरतो, उचल घेताना गाडी थरथरते. टर्बो असलेल्या डिझेल गाड्यांत टर्बोकडे जाणारी ऑइलची नळी ओली दिसली तरी ताबडतोब बदलून घ्यावी, कारण टर्बोला काही क्षण ऑइल मिळाले नाही तरी तो निकामी होतो.

ऑइल प्रेशर स्विच हा आणखी एक भाग. आकाराने अंगठ्याएवढा, किमतीने किरकोळ. पण त्याच्या मागे पंपाचा पूर्ण दाब असतो. त्यातून आज पाझर असेल तर उद्या पिचकारी उडू शकते. तो दहा मिनिटांत बदलला जातो, त्यासाठी विचार कसला करायचा!

आणि तो लाल दिवा. पुष्कळ चालक समजतात की ऑइल कमी झाले की डॅशबोर्डवरचा दिवा लागेल, तेव्हा भरू. बहुतेक जुन्या गाड्यांत हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा पंपाला ओढायला ऑइलच उरलेले नसते किंवा पंप तरी गेलेला असतो. दिवा लागताच रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करावे. "जवळच गॅरेज आहे, तिथपर्यंत नेऊ" म्हणून दोन किलोमीटर चालवलेली गाडी पुढे इंजिनकामाला जाते.

हिशेब

आता उरलेल्या, म्हणजे सरासरी जुन्या गाडीच्या गळतीकडे येऊ. उदाहरणासाठी एक मारुती ओम्नी घेऊ. ही गाडी २०१९ मध्ये बनायची थांबली, पण बेकरी, किराणा, केटरिंग अशा धंद्यांत ती पुष्कळांच्या कामाची ठरली. समजा २०१३ ची मालवाहू ओम्नी आहे, दिवसाला साठ किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १५०० किलोमीटर चालते. वहीत नोंद आहे की हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जाते. महिन्याला पाऊण लिटर. ऑइल लिटरला ४०० रुपये धरले तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० रुपये जमिनीवर सांडतात. इथले दर हिशेबापुरते धरलेले आहेत, वाचकांनी आपल्या गावचे दर घालावेत.

मिस्त्रीने टॅपेट पॅकिंग, पुढची सीले, चेंबरचे पॅकिंग आणि गिअरबॉक्स उतरवून मागचे सील, असे सगळे मिळून १६,००० रुपये सांगितले. केवळ ऑइलच्या बचतीतून ते भरून निघायला ५३ महिने लागतात, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षे. तोवर गाडीच राहील की नाही याची खात्री नाही. एवढ्यावरून "गळू द्या" असे उत्तर निघते आणि पुष्कळ जण इथेच थांबतात.

पण अंदाजपत्रक एकगठ्ठा का घ्यायचे? कामे सुटी करून पाहिली तर चित्र बदलते. टॅपेट पॅकिंग मजुरीसह ६०० रुपयांत होते आणि त्याने निम्मी गळती थांबली तर महिन्याला १५० रुपये वाचतात, खर्च चार महिन्यांत वसूल. तीच गोष्ट ड्रेन बोल्टच्या वायसरची आणि ऑइल फिल्टरच्या रबराची. ही कामे ऑइल बदलतानाच करून घ्यायची. फिल्टर बदलताना मात्र जुन्या फिल्टरचे रबर इंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे स्वतः पाहावे. त्यावरच नवा फिल्टर चढवला तर दोन रबरे एकमेकांवरून सरकतात आणि भर रस्त्यात सगळे ऑइल बाहेर पडते.

पुढची सीले बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो, आणि बेल्ट ठराविक किलोमीटरनंतर एरवीही बदलायचाच असतो. बेल्टवर अजून ऑइल आलेले नसेल तर त्या दिवसाची वाट पाहावी. मग मजुरी एकदाच पडते आणि जास्तीचा खर्च फक्त सीलच्या किमतीएवढा. मागच्या सीलचे तसेच. त्यात सीलची किंमत थोडी आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी. क्लच प्लेट संपायला आली की गिअरबॉक्स उतरणारच आहे, त्या दिवशी सील बदलायला सांगावे. हे वाक्य गाडीच्या वहीत आजच लिहून ठेवावे, कारण क्लचच्या गडबडीत सील हमखास विसरले जाते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी भरावी लागते. अशा रीतीने सोळा हजारांचे काम दीड-दोन वर्षांत निम्म्याहून कमी खर्चात उरकते, आणि मध्ये एकदाही गाडी केवळ गळतीसाठी चार दिवस बंद राहत नाही.

काडी कोण पाहतो?

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे आणि आमच्या मते सगळा निर्णय तिच्यावरच उभा आहे. गळती तशीच ठेवायची तर दर आठवड्याला कोणीतरी काडी पाहिलीच पाहिजे. गाडी मालक स्वतः चालवत असेल, सकाळी काडी पाहण्याची सवय असेल, तर महिन्याला पाऊण लिटरची गळती हा निव्वळ एक खर्च आहे. तीच गाडी पगारी ड्रायव्हरच्या हातात असेल, दोन पाळ्यांत दोघे चालवत असतील किंवा रोजच्या भाड्याने दिलेली असेल, तर तीच गळती जोखीम होते. सकाळचा म्हणतो संध्याकाळच्याने पाहिले असेल, आणि संध्याकाळचा म्हणतो मालक पाहतो. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलल्याशिवाय ते दिसत नाही, त्यामुळे पाहायचे राहून जाते.

अशा इंजिनात सगळे मिळून ऑइल तीन लिटरच्या आसपास असते. महिन्याला पाऊण लिटर जाते आणि दोन महिने कोणी पाहिले नाही, तर निम्मे संपले. त्यात एखाद्या दिवशी घाटात जादा माल चढवला की बेअरिंग धरतात. इंजिनकामाचे ३५,००० रुपये धरले, शिवाय आठ-दहा दिवस भाड्याची गाडी लावावी लागली, तर वर्षाला ३६०० वाचवण्यासाठी की न वाचवण्यासाठी हा वाद किरकोळ ठरतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. गाडी मालकाच्या हातात असेल तर महागडी कामे पुढे ढकलायला हरकत नाही. परक्या हातात असेल तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरची गळती महाग काम करूनही आधी थांबवावी, नाहीतर ड्रायव्हरच्या पगाराच्या वहीतच काडीचा रकाना काढावा आणि त्यात दर शनिवारी त्याची सही घ्यावी. सही घ्यायला संकोच वाटतो हे आम्हाला ठाऊक आहे. रोजच्या रोकडीचा हिशेब मागताना वाटत नाही, मग इथे का वाटावा?

निर्णयात गाडीचे उरलेले आयुष्यही धरावे लागते, आणि ते नेहमी इंजिनच ठरवते असे नाही. मुंबईतील शेवटची नोंदलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. तेव्हा गाडीची मुदत आठ महिन्यांवर आली असेल आणि पुढे ठेवायची नसेल, तर वर सांगितलेली धोक्याची कामे सोडून बाकी गळतीवर खर्च करू नये. उलट नोंदणी नुकतीच पाच वर्षांसाठी करून घेतली असेल तर पाच वर्षांच्या हिशेबाने दुरुस्ती करावी.

स्वस्त उपायांविषयी

बाजारात गळती थांबवणारी औषधे बाटलीत मिळतात. त्यातील काही सुकलेल्या रबराला थोडे फुगवतात आणि किरकोळ पाझर काही काळ कमी होतो. फाटलेल्या सीलवर किंवा तुटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही. एकदा घालून पाहायला हरकत नसावी, पण दरवेळी बाटली ओतणे म्हणजे सीलची किंमत हप्त्याने भरणे. घट्ट ऑइल घालण्याचा सल्लाही मिळतो. जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-४० सारखे ऑइल पूर्वापार चालत आले आहे, पण ज्या इंजिनासाठी कंपनीने पातळ ऑइल सांगितले आहे त्यात ते घातले तर सकाळी चालू करताना वरच्या भागांना वंगण उशिरा पोहोचते. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेतले घट्ट ऑइल निवडावे, त्यापलीकडे जाऊ नये.

टॅपेट कव्हर गळते म्हणून बोल्ट जोराने आवळणे हा घरोघरचा उपाय. त्याने कॉर्क चेपून बाहेर येतो, पत्र्याचे कव्हर वाकते आणि पुढे नवे पॅकिंगही नीट बसत नाही. सिलिकॉनची ट्यूब सढळ हाताने फासणारा मिस्त्रीही टाळावा. जादा सिलिकॉनचे तुकडे आत गळून पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. जिथे इंजिनच्या रचनेत तो सांगितला आहे तिथे पातळ रेघ पुरते. मागचे सील बदलताना दांड्यावर जुन्या सीलने खाच पाडली आहे का हे उस्तादाला विचारावे. खाच असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे लागते, म्हणजे त्याचा ओठ खाचेवर येत नाही. जुना भाग परत मागून घ्यावा. कडक झालेला ओठ बोटाने दाबून पाहिला की काम खरेच गरजेचे होते का ते समजते.

गॅरेज चालवणाऱ्या आमच्या वाचकांनाही एक विनंती. अंदाजपत्रक एकगठ्ठा न देता कामागणिक लिहून द्या आणि आज काय करायचे, क्लचच्या वेळी काय करायचे, हे शेजारी मांडा. यात त्या दिवशीचे बिल लहान होते हे खरे. पण क्लच संपेल तेव्हा तो ग्राहक दुसऱ्याच्या दारात जात नाही. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, ते परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावे.

आता विक्रीबद्दल. जुनी गाडी विकण्यापूर्वी इंजिन धुऊन चकचकीत करण्याची पद्धत सर्रास आहे. स्वच्छ गाडी दाखवण्यात वावगे नाही, पण गळती लपवण्यासाठी धुणे वेगळे. ऐब सांगून माल विकणे हा आपल्या व्यवहाराचा जुना दंडक आहे आणि गाडीलाही तो लागू आहे. घेणाऱ्याने बारा वर्षांच्या गाडीचे इंजिन कोरे करकरीत दिसले तर अर्धा तास ती चालवून मागावी आणि परत आल्यावर टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवर व गिअरबॉक्सच्या जोडावर बोट फिरवून पाहावे. विकणाऱ्याने काडीच्या नोंदींची वहीच पुढे ठेवावी. हजार किलोमीटरला किती ऑइल लागते, कोणते सील कधी बदलले आणि कोणते बाकी आहे, हे लिहून दिले की घेणारा त्या कामाचे दोन-तीन हजार किमतीतून कापून मागेल. ते द्यावेत. सौदा त्याच दिवशी पुरा होतो आणि महिन्याने कोणी दारात उभा राहत नाही.